कोटाची घडी

१

रविवार, ८ डिसेंबर २०२४. पहाटे धुकं, नंतर स्वच्छ ऊन. हवा कोरडी, वारा नाही.

रोज लिहायला बसले की मी हवेपासूनच सुरुवात करते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. दमट हवेत कापड ओढ घेतं, कोरड्या हवेत हातातून निसटतं. त्यामुळं सकाळी उठल्यावर आधी हवा बघायची सवय लागली, आणि लिहितानाही तीच आधी यायला लागली.

त्या रविवारी मी उचगावहून कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत कोट घ्यायला गेले. माझी मुलगी प्रियदर्शनी आणि जावई केतन कॅनडात असतात, विनिपेगला. प्रियाचे दिवस जानेवारीच्या शेवटी भरणार होते. तिला सासू नाही, बहीण नाही. "आई, तू आली नाहीस तर मी तिथं ओरडू कुणाच्या नावानं?" असं ती एकदाच म्हणाली आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली. माझे यजमान पार्श्वनाथ जाऊन तीन वर्षं झालेली. मलाही अडवणारं कुणी नव्हतं. व्हिसा झाला, ९ जानेवारीचं तिकीट झालं. राहिला होता तो कोट.

"स्वेटरवर स्वेटर घालून भागत नाही," प्रियानं फोनवर बजावलं होतं. "उणे तीस होतं इथं. वाऱ्यानं डोळ्यातलं पाणी पापणीवर गोठतं. गुडघ्याखालपर्यंत पाहिजे, टोपी जोडलेली, चेनवर झाकणपट्टी. आणि वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफच."

दुकानदाराचं नाव पिराजी. गडी मोठ्या आवाजाचा.

"उणे तीस?" ते म्हणाले. "काकू, माणसं ऱ्हात्यात व्हय तिथं?"

"माझी लेक राहते."

"मग लेकीलाच हिकडं बोलवा की! आपला रंकाळा काय वाईट हाय?"

त्यांनी एक कोट काउंटरवर टाकला. मी तो चिमटीत धरून दाबला. आत बारीक देठ लागले.

"ह्यात काय भरलंय?"

"पिसं. बदकाची. अस्सल माल."

"मग नको."

"अवो, गरम हुतंय ते पिसानंच. बदक बर्फात पोहतंय, त्येला कवा सर्दी झालेली बघितलीसा?"

"त्याच्या अंगावर आहेत तोवर ठीक आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "जैन हाईसा व्हय? आधी सांगायचं न्हाई का!" शिडी लावून त्यांनी स्वतः वरच्या फळीवरून दुसरा काढला. गडद निळा, आत कृत्रिम तंतूंचं भरण. टांगलेल्या नमुन्यावर त्यांनी पाण्याची बाटली उपडी केली. अळूच्या पानावर उभं राहावं तसं पाणी थेंबाथेंबानं उभं राहिलं आणि घरंगळून गेलं. मी तो उलटा करून शिवण बघितली. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी होती. बाहीच्या आत मनगटाला धरणारी दुसरी बाही होती. काम चांगलं होतं.

मला त्यांनी त्याच मापाचा, पिशवीतला नवा कोट दिला.

"घालून तरी बघा की. आरसा हाय."

"नको. टेपनं मापते."

मी पिशवी उघडून घडीवरूनच खांदा, बाही आणि उंची मापली. पिराजी हसत होते. मी कोट अंगाला लावला नाही.

२

नवी साडी आमच्याकडं कुणी आधी स्वतः नेसत नाही. बहीण, जाऊ, नणंद, नाहीतर जिवाची शेजारीण असेल तिला द्यायची. "एवढी घडी मोडून दे," म्हणायचं. ती दिवसभर नेसते, संध्याकाळी नीट घडी घालून परत आणून देते. मग ती साडी आपली.

माझ्या धंद्यात तर हे फार जपावं लागतं. फॉल लावायला साडी उलगडावीच लागते. काम झालं की मी ती दुकानातल्याच मोडीवर परत बसवते, रेषेवर रेष. त्यामुळं कापडावरची कुठली मोड घडीची, कुठली टांगल्याची आणि कुठली माणूस बसल्याउठल्याची, हे मला हात फिरवून कळतं.

पूर्वी गल्लीतल्या निम्म्या साड्यांची घडी मीच मोडायची. यजमान गेल्यापासून साड्या फॉल लावायला येतात, घडी मोडायला येत नाहीत. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही.

कोट ही काही साडी नव्हे. पण एवढ्या लांब, एकटीनं, पहिल्यांदा विमानानं जायचं. ते अंगावरचं कापड कुणाच्या तरी मायेचा हात लागलेलं असावं, असं मला वाटलं. सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊन शेजारी शालूबाईंकडं गेले. त्या मूळच्या मुरगूडच्या. आमच्या भिंतीला भिंत आहे, एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो.

"घडी मोडून देता का?"

त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि खळखळून हसल्या. "ह्यो घालून मी काय भाजी आणाया जाऊ? गल्लीतली कुत्री मागं लागतील की वो, वैनी!"

"घरातच घाला. थोडा वेळ."

हसणं ओसरलं. त्यांनी गळ्यातलं डोरलं नीट केलं. आतल्या खोलीत त्यांचे मालक रेडिओ लावून बसलेले होते.

"मला न्हाई हुयाचा तो," त्या म्हणाल्या. "मी ही अशी जाड."

कोट त्यांना सहज झाला असता. ते दोघींनाही कळत होतं.

"बरं," म्हणून मी घरी आले. कोट पिशवीतून काढला आणि घडी न उलगडता आतल्या खोलीतल्या कॉटवर ठेवला. खोलीत कोवळं ऊन होतं. मला रडू आलं नाही, राग आला. आणि मी त्या मोकळ्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "कुणी नाही ना मोडत? मग जे कोण असेल त्यानं मोडा."

स्वयंपाकघरात भांडं निथळत होतं. तेवढाच आवाज होता.

३

मंगळवारी दुपारी जेवून मी मशीनवर बसले. उचगावात दुपारी फार शांत असतं. कामावरची माणसं कामावर, पोरं शाळेत. एखादी रिक्षा गेली तर तिचा आवाज बराच वेळ मागं रेंगाळतो.

दोऱ्याची रिळं कॉटखालच्या डब्यात असतात. ती आणायला मी आत गेले. कोट कॉटवर होता तिथंच होता. मी डबा घेतला, उठले आणि पुन्हा बघितलं.

कोटाची घडी होती. पण ती कारखान्याची घडी नव्हती.

कारखान्यात बाह्या पाठीवर दुमडतात. या पोटावर दुमडल्या होत्या, एकीवर एक. कडेला कड जुळवलेली होती. उसनी नेसलेली साडी परत देताना बाई जशी दोनदा हात फिरवून घडी घालते, तशी.

मी कोट उलगडला. दोन्ही कोपरांवर आडव्या बारीक मोडी होत्या. पाठीवर कमरेच्या खाली एक मोठी मोड होती. ती बसल्याची.

मी स्वतःला समजावलं. शालूबाईंना वाईट वाटलं असेल आणि मी किराणा आणायला दुकानात गेले तेव्हा मागच्या दारानं येऊन त्यांनी घालून बघितला असेल. पण मी सोमवारपासून दुकानात गेलेच नव्हते. मग मीच घालून बघितला असेन आणि विसरले असेन. माझं वय बावन्न. विसरायला लागण्याचं वय हे असू शकतं. पण सकाळी दूध उतू गेलं तरी मी ते लिहून ठेवते. हे लिहिलेलं नव्हतं.

कोटाच्या आत हात घातला. अस्तर कोमट होतं.

ऊन आलं असेल, असं मी ठरवलं. दुपारी त्या खोलीत ऊन येत नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी कोट हँगरला लावून दाराआडच्या खुंटीवर टांगला. घडीच नको. चेन पूर्ण उघडी ठेवली.

दुपारी मशीन चालू असताना काही ऐकू येत नाही. म्हणून एक काठ संपला की मी पाय थांबवून ऐकायला लागले. बराच वेळ काही नव्हतं. मग आतून आवाज आला. तो कुठलाही भीतीदायक आवाज नव्हता. चेन लावल्याचा होता. खालून वर, सावकाश, मध्ये एकदा अडकून.

मी उठून आत गेले. कोट खुंटीवरच होता. चेन गळ्यापर्यंत लावलेली.

मी वेडी झाले आहे का, हे तपासायची माझी एकच रीत आहे, ती सुईदोऱ्याची. चेन उघडली आणि दोन्ही बाह्यांची तोंडं फॉलच्या टाक्यानं शिवून बंद केली. झोपेत किंवा भ्रमात मीच कोट घालत असेन, तर टाके उसवलेले दिसतील. मला माझा टाका ओळखता येतो. तो उजवीकडं कलतो.

गुरुवारी दुपारनंतर बघितलं. टाके जागच्या जागी होते, एकही उसवलेला नव्हता. मला बरं वाटलं. मग मी चष्मा लावला.

दोरा तोच होता. टाक्यांमधलं अंतर तेच होतं. पण टाके डावीकडं कलत होते.

कुणीतरी ते उसवून, काम झाल्यावर, मला त्रास नको म्हणून परत घातले होते. डाव्या हातानं.

त्या दिवशी मी सूर्य मावळायच्या आधीचं जेवण घेतलं नाही. पुढच्या व्हरांड्यात बसून राहिले. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला "काय म्हणताय?" म्हणत होते. कुणीही थांबलं असतं तर चाललं असतं.

नंतरच्या दिवसांत कोट जुना होत गेला. कॉलरला आतून तेलकट रेघ आली. मी डोक्याला तेल लावत नाही. खिशांची तोंडं हात घालून घालून सैल पडली. मनगटाची कडा गुळगुळीत झाली. कुणी वर्षानुवर्षं थंडीत वापरावा तसा तो दिसायला लागला आणि अजून पिशवीवरचं लेबल कॉटखाली पडलेलं होतं. खांदेही बदलले. हँगरवर टांगलेला असूनसुद्धा त्याचा डावा खांदा जरा खाली असे.

५

"वैनी, त्यो कोट काढा."

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी शालूबाई दारात उभ्या. नवी साडी, हातात हळदीकुंकवाचं ताट, ताटात नारळ.

"कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? घडी मोडते की! आमच्या मालकास्नी सांगितलं, तर त्ये माझ्यावरच खेकसलं. म्हणालं, येडी हाईस का? ती बाई एकटी सातासमुद्रापार निघाली, आन् तू तिला परत पाठवलीस? लाज वाटाया पाहिजे." त्यांचे डोळे भरले होते. "चुकलंच माझं. आणा. चांगली दिवसभर घालून बसते. घामानं निथळले तरी काढत न्हाई."

ज्यासाठी मी त्यांच्या दारात गेले होते, ते माझ्या दारात आलं होतं. मला बाजूला व्हायचं होतं, त्यांना आत घ्यायचं होतं. पण आत खुंटीवर तो होता आणि तो त्यांनी अंगात घालावा हे मला चालणार नव्हतं.

"मोडली," मी म्हटलं.

"मोडली? कुणी?"

मी दार अर्ध्यावर ओढून घेतलं.

"तुम्हीच घातलासा व्हय? काय बाई तुम्ही! चार दिस दम धरायचा न्हाई का?" त्या हसल्या, पण ताटाकडं बघत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "का दुसरं कोण गावलं?"

"शालूबाई, तसं नाही."

"ऱ्हाऊ द्या. माझीच वेळ चुकली." नारळ उंबऱ्यावर ठेवून त्या गेल्या. भिंतीपलीकडं भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

त्याच दुपारी मी आत गेले तेव्हा कोटाखाली फरशीवर पाणी होतं. खांदे ओले होते, थेंब उभे होते. मागं लोंबणारी टोपी जड होऊन ताणलेली दिसली. तिच्या खोळीत ओंजळभर पाणी होतं. मी त्यात बोटं घातली आणि लगेच काढली. ते इतकं गार होतं, की बोटं भाजल्यासारखी झाली. वर छताला ओल नव्हती. गल्लीत धूळ उडत होती.

६

प्रिया संध्याकाळी फोन करायची, तिकडं तेव्हा सकाळ असे. त्या दिवशी ती दमलेली दिसली.

"झोपच लागत नाही गं. कूस वळवता येत नाही. मग रात्री उठून खिडकीत बसते. स्नो बघते."

"पडद्याआड बस, वारं लागेल."

"काचा बंद असतात, आई." ती हसली. "एक गंमत सांगू? समोरच्या बस स्टॉपवर रोज रात्री एक बाई येऊन बसते. त्या वेळी बस नसतेच. तुझ्या कोटासारखाच कोट आहे, तू फोटो पाठवला होतास ना, डिट्टो तसाच. आणि वेडी टोपीच घेत नाही डोक्यावर. मागं लोंबत असते. काल तर टोपीत बर्फ साठला होता."

मी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"आधी स्टॉपवरच असायची. काल रस्ता ओलांडून अलीकडं आली. बिचारी घर शोधत असेल. आई? ऐकतेस ना?"

"प्रिया, ती दारात आली तर दार उघडू नको."

"असं काय बोलतेस?"

"मी सांगते म्हणून. उघडू नको."

"आई, उणे तीसमध्ये कुणी दारात उभं असेल तर उघडावंच लागतं. नाहीतर ते माणूस मरेल. इथं सगळे उघडतात." मग तिनं विषय बदलला. "तू लवकर ये गं. तू आलीस की मी झोपेन. खरंच झोपेन."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आठवा संपत आलेल्या मुलीला काय सांगणार होते मी? मी कोमट पाणी पीत जा म्हटलं आणि फोन ठेवला.

७

गुरुवार, २ जानेवारी २०२५. ऊन. सकाळी गारवा, दुपारी नाही.

कोट मी लोखंडी कपाटात बंद करून किल्ली कमरेला लावली होती. त्यानं काही थांबलं नव्हतं, कपाटाच्या फटीतून पाणी येतच होतं. शेवटी पिराजींना विचारायचं ठरवलं, की हा परत घ्याल का. कोट सोबत न्यायला हात धजला नाही, म्हणून तशीच गेले.

"परत?" ते म्हणाले. "आणा की. घडी मोडली न्हाई न्हवं?"

"मोडली."

"मग कसा घिऊ काकू? मोडलेला माल ज्यानं मोडला त्येचा."

ते गंमतीनं म्हणाले होते. मी वाटेत बस्तीत, आमच्या जैन मंदिरात जाऊन दर्शन घेतलं, तिथं माझ्याशेजारी कुणी बसलं नव्हतं, आणि बसनं घरी आले.

शालूबाई अंगणात संक्रांतीचे तीळ वाळवत होत्या. मला बघून त्यांच्या हातातली चाळण पडली.

"वैनी! तुम्ही परत कशा?"

"परत म्हणजे? बाजारात गेले होते."

"अवो, तुम्ही गेलासा की! मगाशी, माझ्या डोळ्यादेखत. एवढ्या उन्हात कोट घालून, बॅग घिऊन. चेन पार नाकापतुर लावलेली. म्या म्हटलं, अवो गरम हुतंय की, काढा त्यो. आन् विमान तर नऊ तारखंला न्हवं?"

"मग मी काय म्हणाले?"

त्यांनी पदर हातात गोळा केला.

"म्हणालासा, 'जाते मी.'" त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही माझ्यावर रुसलासा असं वाटलं मला. न्हाईतर 'येते' म्हणायचं सोडून 'जाते' कोण म्हणतंय का वो?"

"बॅग कुठल्या हातात होती?"

"डाव्या," त्या म्हणाल्या.

मी घरात गेले. पुढचं कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. कपाटही बंद होतं. कमरेच्या किल्लीनं उघडलं. कोट नव्हता. कॉटखाली प्रियासाठी भरून ठेवलेली बॅग नव्हती, त्यात बाळंतविडा होता, डिंकाचे लाडू होते, माझ्या हातची दुपटी होती. पासपोर्ट आणि तिकीट माझ्या पर्समध्ये होतं, ते होतं.

कपाटाखालची फरशी कोरडी होती.

८

प्रियाचा फोन दोन दिवस लागला नाही. शनिवारी केतननं उचलला.

"केतनराव, मी बोलते. प्रिया कशी आहे?"



"कोण बोलतंय?"

"अहो, मी. आई. उचगावातून."

"थांबा," ते म्हणाले. फोन तोंडापासून लांब गेला, पण मला ऐकू येत होतं. "आई, तुमच्या नंबरवरून कुणीतरी फोन करतंय. आवाजसुद्धा तुमचाच काढलाय."

"केतनराव, ऐका. व्हिडिओ लावा. एकदा बघा माझ्याकडं."

त्यांनी लावला. माझ्याकडं त्यांचा चेहरा आला नाही, फोन खाली धरलेला होता, त्यात खोली दिसत होती. दिवा लागलेला, कोपऱ्यात हीटर लाल झालेला. प्रिया कोचावर कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. किती दिवसांनी झोपली होती, कोण जाणे. तिच्या पायांशी कोट बसलेला होता, माझ्याकडं पाठ करून. टोपी मागं लोंबत होती. खांद्यांवर बर्फ होता आणि तो वितळत नव्हता. डावी बाही पुढं मागं हलत होती. प्रियाचे तळवे चोळत होती. सावकाश, न दमता.

"स्क्रीन काळीच दिसतेय," केतन म्हणाले. "आजकाल असे फार प्रकार चाललेत. एआयवाले. आई, तुम्ही लक्ष देऊ नका, मी ब्लॉक करतो." मग काळजीच्या सुरात, तिकडंच बघून: "आणि आता तरी तो कोट काढा. घरात गरम आहे. आल्यापासून अंगावरच आहे."

"प्रिया!" मी ओरडले.

प्रिया हलली नाही. हलणारी बाही थांबली. कोटाची पाठ सरळ झाली आणि डावा खांदा माझ्या बाजूला वळायला लागला.

फोन बंद झाला.

शालूबाईंनी माझा आवाज भिंतीतून ऐकला होता. त्या आल्या, काही न विचारता शेजारी बसल्या. त्यांच्या फोनवरूनही आम्ही लावून बघितला. "भारतातून कुणाचाही उचलू नको," असं केतन कुणाला तरी म्हणत होते, फोन कट व्हायच्या आधी तेवढं ऐकू आलं.

९

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. मुंबई. ढग नाहीत, समुद्राकडून दमट वारा.

मी स्वेटरवर स्वेटर घालून, शालूबाईंच्या मालकांचा रेनकोट घेऊन विमानतळावर गेले. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट यंत्रावर ठेवला, पडद्याकडं बघितलं आणि दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी माझा चेहरा आणि फोटो बराच वेळ ताडून पाहिला. चेहरा जुळत होता.

"मॅडम," दुसरा म्हणाला, "तुम्ही तिकडंच आहात."

त्यांनी मला पुढं सोडलं नाही. रात्रीच्या गाडीनं मी कोल्हापूरला परत आले.

प्रियदर्शनी त्याच दिवशी, दिवस भरायच्या आधी, बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, असं केतनच्या मावसभावानं शालूबाईंच्या फोनवर कळवलं.

बाळाचं नाव आजीनं ठेवलं. ते मला माहीत नाही.